बॅटरी कुणाची?

तुळशीचं लग्न झालं की आमच्या फोटोग्राफीच्या धंद्यातल्या पोरांची बॅगा आवरायची गडबड सुरू होते आणि माझ्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो. ‘ताई, जास्तीची बॅटरी घ्यायचीय. कंपनीचीच घेऊ का बाहेरची चालेल?’ विचारणारा बहुतेक वेळा नुकता स्वतःच्या ऑर्डरी घ्यायला लागलेला असतो. कॅमेऱ्याचा हप्ता चालू असतो, लेन्स भाड्याने आणलेली असते, आणि कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या एका बॅटरीच्या पैशात बाहेरच्या, म्हणजे दुसऱ्याच कुणी बनवलेल्या, दोन-तीन येतात हे त्याने मोबाइलवर आधीच बघून ठेवलेलं असतं. त्याला माझ्या तोंडून ‘चालेल’ एवढंच ऐकायचं असतं. मला ते एका शब्दात सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

मी साताऱ्याची. सराईत लग्नाच्या ऑर्डरी करते आणि आषाढी जवळ आली की वारीत जाते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे: घडलेलं परत घडवता येत नाही. अंतरपाट सरकतो, अक्षता पडतात आणि नवरानवरी पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात, तो क्षण दोन-तीन सेकंदांचा. ‘जरा परत करा’ असं भटजींना म्हणता येत नाही. म्हणजे कोणी म्हणतही असेल, मी म्हणणार नाही.

पूर्वी बॅटरीचा प्रश्न इतका टोकाचा नव्हता. माझ्याकडे निकॉनचा डी७५० होता तेव्हा कंपनी एका चार्जमध्ये १२३० फोटो सांगायची. हा आकडा ‘सीपा’ या जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या ठरलेल्या पद्धतीने काढलेला असतो. लग्नात सलग फोटो काढत गेलं की प्रत्यक्षात त्याहून जास्तच निघायचे. डोळा काचेच्या व्ह्यूफाइंडरला, मागचा पडदा बंद, बॅटरीला काम ते किती! सकाळी हळदीला घातलेली बॅटरी जेवणाच्या पंगती उठेपर्यंत खुशाल चालायची. मग मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे आले. निकॉनच्याच झेड६ टूमध्ये त्याच आकाराची, उलट जास्त क्षमतेची बॅटरी जाते, पण व्ह्यूफाइंडरमधून बघत काढलं तर सीपाचा आकडा ३४० वर येतो. सेन्सर सतत जागा, डोळ्यापुढचा छोटा पडदा सतत पेटलेला, फोकस सतत चेहरे शोधतोय. त्यात आता सगळ्यांना रील पाहिजे, म्हणजे व्हिडिओ. पूर्वी बॅगेत एक जास्तीची बॅटरी पुरायची. आता चारही कमी पडतील अशी धाकधूक असते. चार बॅटऱ्या कंपनीच्या घ्यायच्या म्हटलं की साध्या लेन्सचे पैसे झाले. पोरं बाहेरच्या बॅटऱ्यांकडे वळतात ती कंजूषपणाने नव्हे. त्यांचा हिशेब बरोबरच असतो.

पण बॅटरीच्या आत काय असतं ते एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. अशा कॅमेऱ्यांच्या बहुतेक बॅटऱ्यांत लिथियम-आयनचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर एकेका सेलचा दाब साधारण ४.२ व्होल्ट, म्हणून चार्जरवर ८.४ व्होल्ट छापलेलं दिसतं. त्या दोन सेलच्या डोक्यावर एक चिंचोळी सर्किटची पट्टी बसवलेली असते. सेल ठरलेल्या मर्यादेपुढे भरायला लागले तर ती चार्जिंग तोडते, फार खाली उतरले तर कॅमेऱ्याला वीज देणं बंद करते, बॅगेतल्या किल्लीने दोन टोकं जोडली गेली तर लगेच प्रवाह थांबवते. तापमान मोजायला त्यात एक बारीकसा भाग असतो. कॅमेऱ्याशी बोलायला एखादी चिपही असते. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. दिसतो तो काळ्या प्लास्टिकचा डबा, आणि डबा कोणालाही बनवता येतो. खरा खर्च आतल्या सेलचा आणि त्या पट्टीचा असतो, आणि स्वस्त करायचं झालं की कात्री तिथेच लागते.

सेल चांगले असणं वेगळं आणि दोन्ही सेल एकमेकांशी जुळणारे असणं वेगळं. बैलजोडीतला एक बैल अधू असला की दुसरा कितीही दांडगा असो, गाडी अधू बैलाच्याच चालीने जाते. बॅटरीचं तसंच. एक सेल लवकर उतरला की पट्टी सगळीच बॅटरी बंद करते, मग दुसऱ्यात अजून वीज शिल्लक का असेना. मोठे कारखाने सेल मोजून, जोड्या लावून घेतात. ज्याला सगळ्यात कमी भावात माल द्यायचा आहे तो मिळतील ते दोन सेल एकत्र करतो. अशी बॅटरी पहिले काही महिने उत्तम चालते. विकत घेणारा खूश होतो, पाच तारे देऊन मोकळा होतो. फरक पडतो तो पुढच्या सराईत, तोपर्यंत ते तारे तसेच झळकत असतात.

लग्नात मला सगळ्यात जास्त धास्ती असते ती टक्केवारीची. बॅटरी उतरणं समजू शकते, ती सांगून उतरली पाहिजे. लिथियम-आयनचा स्वभाव असा की बराच काळ तिचा दाब फारसा हलत नाही आणि शेवटी शेवटी एकदम कोसळतो. त्यामुळे नुसत्या दाबावरून किती वीज उरली याचा अंदाज मधल्या टप्प्यात ढोबळच येतो. चांगल्या बॅटरीतली चिप आत किती गेली, बाहेर किती आली याची नोंद ठेवते आणि कॅमेऱ्याला टक्क्यांत सांगते. ही नोंद नसलेली किंवा कच्ची असलेली बॅटरी भरलेली-भरलेली दाखवत राहते, आणि मग लाल होऊन दोन मिनिटांत मान टाकते. निकॉनच्या मेनूत बॅटरीची माहिती म्हणून एक पान आहे. तिथे उरलेले टक्के, शेवटच्या चार्जपासून किती फोटो काढले आणि बॅटरीचं वय शून्य ते चार या पट्टीवर दिसतं. शून्य म्हणजे नवी, चार म्हणजे बदलायची वेळ झाली. माझ्याकडची एक बाहेरची बॅटरी निम्मी क्षमता घालवून बसली तरी त्या पानावर तिचं वय शून्यच दिसत होतं. ती तिथे काही सांगतच नव्हती, कॅमेरा बिचारा काय दाखवणार!

वारीतलं सांगते. पादुकांचं नीरास्नान होऊन माउलींची पालखी आमच्या जिल्ह्यात येते, लोणंदला थांबते, आणि तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं. रस्त्याच्या दुतर्फा दिंड्या उभ्या, मधे मोकळी वाट. ज्या अश्वाच्या पाठीवर कोणी बसत नाही, तो माउलींचा अश्व त्या वाटेने धावतो. तासन्‌तास वाट बघायची आणि डोळ्यांचं पारणं फिटतं न फिटतं तोच सगळं संपतं. त्या वाट बघण्यातही कॅमेरा चालूच राहतो, कारण फुगड्या चालू असतात, टाळकरी नाचत असतात, एखादी आजी डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरत आभाळाकडे बघत असते. म्हणून अश्व यायच्या वेळी मी बॅटरी बदलतेच, आधीची निम्मी भरलेली असली तरी. घालायची ती ज्या बॅटरीचा आकडा खरा असतो ती. त्या गर्दीत, चिखलात, एका हाताने झाकण उघडून अंगठ्याने ती केशरी खिटी सरकवायची, उतरलेली डाव्या खिशात, भरलेली उजव्या खिशातून. हे आता हातांनाच ठाऊक झालंय. गावोगावची माणसं वारकऱ्यांसाठी ओसरीवर चार्जिंगचे बोर्ड लावून ठेवतात, एकेका बोर्डाला मोबाइलचं जाळं लोंबत असतं. त्यात माझाही चार्जर कोणीतरी प्रेमाने खोचून देतं. पण रात्रीची वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे बॅटऱ्यांची संख्या लागतेच. आणि संख्या लागते म्हटलं की बाहेरच्या बॅटऱ्यांना ‘नाही’ म्हणून चालत नाही.

तेव्हा ‘कंपनीची चांगली, बाहेरची वाईट’ इतकं सरळ मी कधीच सांगत नाही. कंपनीच्या बॅटऱ्यांतही खोट निघाली आहे. निकॉनने २००५ मध्ये डी७० वगैरे कॅमेऱ्यांत जाणाऱ्या ईएन-ईएल३ बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. २०१२ मध्ये ईएन-ईएल१५ या बॅटरीच्या काही लॉटबद्दल तेच झालं. बॅटरी तापून वाकडी होऊ शकते असं कंपनीने स्वतः जाहीर केलं. मागच्या बाजूला छापलेल्या क्रमांकातलं नववं अक्षर ई किंवा एफ असेल तर बॅटरी बदलून मिळत होती. हे प्रकरण मी मुद्दाम पोरांना सांगते, आणि ते ऐकून त्यांना वाटतं की ताई कंपनीच्या विरोधात बोलतेय. मला यातून दुसरंच दिसतं. कोट्यवधी वस्तू बनवणाऱ्याच्या हातून कधीतरी खोट निघणार. पण त्या बॅटरीवर लॉट क्रमांक होता, त्या क्रमांकावरून कारखान्यातला माल शोधता आला, जगभरच्या गिऱ्हाइकांना ‘तुमची तपासा’ म्हणून सांगता आलं आणि फुकट बदलून देणारं कोणीतरी होतं. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, नाव-गाव नसलेल्या बॅटरीचा एखादा लॉट असाच खराब निघाला तर तो कोण परत मागवणार? ज्याने बनवली त्याला तुम्ही माहीत नाही आणि तुम्हाला तो माहीत नाही. दुकानदारही पुढच्या खेपेला दुसऱ्याच नावाचं खोकं आणतो.

माझ्या लेखी प्रश्न एवढाच आहे: या बॅटरीचं काही झालं तर दार कुणाचं ठोठवायचं? त्याला उत्तर असेल तर बॅटरी निकॉनचीच असली पाहिजे, कॅननचीच असली पाहिजे असा माझा हट्ट नाही. आपल्याकडे सिम्पेक्स, डिजिटेक यांसारखी नावं फोटोग्राफरांच्या बॅगेत वर्षानुवर्षं आहेत. परदेशी नावं तर कितीतरी. ज्याचं बिल मिळतं, ज्याच्यावर वॉरंटी मिळते, ज्याच्या खोक्यावर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता असतो आणि बिघडल्यावर जो फोन उचलतो, तो माझ्यासाठी ‘बाहेरचा’ राहत नाही. शिवाय आपल्या देशात अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखं काम आहे. मी करते, आणि दुकानदाराला राग येत असला तर येऊ देते.

दुकानाचा विषय निघालाच तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत एकदा तरी जाऊन बघावं. मुंबईकरांना बोरा बाजार आहे. ‘बॅटरी दाखवा’ म्हटलं की काउंटरवर तीन बॅटऱ्या येतात. एक कंपनीची. एक दुसऱ्या कोणाची, स्वतःचं नाव उघड छापलेली. आणि तिसरी अशी की जिच्यावर नाव कंपनीचंच, खोका कंपनीचाच, होलोग्रामही चिकटवलेला, किंमत मात्र निम्म्याहून कमी. ‘मॅडम, ओरिजिनलच आहे, बिल नको असेल तर या भावात देतो.’ ही तिसरी बॅटरी मी हातात धरून पुष्कळदा न्याहाळली आहे. अक्षरं थोडी जाड आणि शाई कडांना फुटलेली. दोन भाग जिथे जुळतात तिथे नखाला लागणारी धार. पितळी टोकं खोबणीत एका पातळीत नाहीत, एखादं जरा आत बसलेलं. आणि कंपनीची दुसऱ्या हातात धरली की वजनातला फरक बोटांना लगेच जाणवतो. माझा खरा राग या तिसरीवर आहे. दुसरी निदान स्वतःचं नाव सांगून बाजारात उभी राहते, चांगली-वाईट ठरायची तयारी ठेवते. तिसरी दुसऱ्याच्या नावामागे लपते. ‘डुप्लिकेट’ म्हणताना आपण या दोघींना एकाच पोत्यात भरतो, हे त्या दुसरीवर अन्याय करणारं आहे. कंपनीच्या भावात किंवा त्याच्या थोड्याच खाली ही तिसरी गळ्यात मारली गेल्याचं मी पाहिलं आहे, त्यामुळे कंपनीची घ्यायची असेल तर अधिकृत विक्रेत्याकडूनच, पक्क्या बिलावर.

लेबलवरचे आकडेही वाचायला शिकलं पाहिजे. ईएन-ईएल१५ या डब्यात निकॉनने सुरुवातीला १९०० मिलिअँपिअर-अवर बसवले, आणि २०२० च्या ईएन-ईएल१५सी मध्ये ते २२८० वर नेले. म्हणजे त्याच आकारात एवढी वाढ करायला त्यांना वर्षं लागली. आणि त्याच डब्यावर कोणी निम्म्या किमतीत तीन हजारांच्या गप्पा मारत असेल तर त्याने एक तर आम्हाला कोणालाच न गवसलेला सेल शोधलाय, नाहीतर आकडा हवेतला आहे. एक सोपा पडताळा आहे. व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर. ईएन-ईएल१५ च्या लेबलवरचा सरासरी दाब ७ व्होल्ट, गुणिले १.९ (१९०० मिलि म्हणजे १.९), म्हणजे १३.३, कंपनी त्याला पुढच्या पूर्ण आकड्यावर नेऊन १४ छापते. काही बॅटऱ्यांच्या लेबलवर हे तीन आकडे आपसातच जुळत नाहीत. ज्याला स्वतःच्या लेबलवरचा गुणाकार जमला नाही त्याच्या सर्किटवर मी माझी ऑर्डर सोडत नाही.

आता कंपन्यांनाही दोन शब्द. जून २००९ मध्ये पॅनासॉनिकने आपल्या काही कॅमेऱ्यांसाठी असं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, काढलं की ते टाकल्यावर दुसऱ्यांच्या बॅटऱ्या चालेनाशा झाल्या. कारण सुरक्षिततेचं दिलं होतं. सुरक्षितता खोटी नाही. लिथियम बॅटरी फुगते, तापते, क्वचित पेटतेही, हे मी नाकारत नाही. पण बॅटरी धोकादायक आहे की नाही याचा निकाल ‘आमची आहे की नाही’ या एकाच प्रश्नाने लावायचा, आणि मग आपली बॅटरी वाटेल त्या भावात विकायची, हे मला पटत नाही. गंमत अशी की या नियमाचा फटका कंपनीच्या स्वतःच्या जुन्या बॅटऱ्यांनाही बसतो. कॅननचा आर५ मार्क टू २०२४ मध्ये आला तो एलपी-ई६पी ही नवी बॅटरी घेऊन. आदल्या पिढीची, कॅननचीच, खणखणीत एलपी-ई६एनएच त्यात घातली तर काही सोयी मिळत नाहीत. नव्या कॅमेऱ्याला एका वेळी जास्त प्रवाह लागतो हे कारण मी समजू शकते. पण ज्याने चार बॅटऱ्या पै पै करून जमवल्या त्याच्या बॅगेचं काय, हे कोणीतरी कंपनीच्या माणसांना विचारायला हवं. कॅननचं एक मात्र मला मनापासून आवडतं. या मालिकेच्या बॅटरीच्या टोपणाला बॅटरीच्याच आकाराची छोटी खिडकी असते. टोपण एका बाजूने लावलं तर खिडकीतून निळा रंग दिसतो, उलटं लावलं तर दिसत नाही. भरलेली कोणती, उतरलेली कोणती, अंधारलेल्या मंगल कार्यालयातही चटकन कळतं. माझ्याबरोबर कॅननवर काम करणारी मैत्रीण आहे, तिच्या बाहेरच्या बॅटऱ्यांना साधी पारदर्शक टोपणं आली होती. तिने कंपनीची जुनी टोपणं त्यांना लावून टाकली.

बाहेरच्या बॅटऱ्यांची बाजू मी सगळ्यात जोरात घेते ती जुन्या कॅमेऱ्यांसाठी. माझा निकॉन डी९० अजून आहे. २००८ चं मॉडेल, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर, म्हणजे आरशाचा डिजिटल कॅमेरा, म्हणून तेव्हा त्याचं कौतुक झालं होतं. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली तो वापरतात. त्याला ईएन-ईएल३ई लागते. ती कंपनीची मिळणं मुश्कील, आणि एखाद्या दुकानात मिळालीच तरी कारखान्यातून निघून तिला किती वर्षं झाली असतील देव जाणे. लिथियमची बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. आतली रसायनं हळूहळू झिजतच असतात. उष्णतेत आणि पूर्ण भरून ठेवल्यावर जास्तच. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात वर्षानुवर्षं पडलेल्या ‘ओरिजिनल’पेक्षा गेल्या वर्षी बनलेली, नाव असलेल्या दुसऱ्या उत्पादकाची बॅटरी केव्हाही बरी. डी९० ला मी तीच घालते. चार्जिंग नीट घेते, आकडा बऱ्यापैकी खरा सांगते. ज्या कंपनीने कॅमेरा बनवला तिने हात वर केल्यावर त्याला जगवणारं कोणी तरी आहे, याबद्दल मी त्या लोकांची आभारी आहे. त्यांच्याशिवाय कितीतरी धडधाकट कॅमेरे कपाटात पडून राहिले असते.

म्हणून विचारणाऱ्या पोरांना मी उलट विचारते, की बॅटरी कुठे घालणार? दिव्यांना घालायची असेल तर बिनधास्त बाहेरची घे. मंडपात वापरतो त्या एलईडी दिव्यांना सोनीच्या एनपी-एफ घराण्याच्या बॅटऱ्या बसतात. मूळ त्या व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी होत्या. त्यातल्या मोठ्या ९७० मध्ये सहा गोल सेल असतात. दिवा मिणमिणला तर दुसरी लावता येते, कोणाच्या आयुष्यातला क्षण हुकत नाही. तिथेही लॉट-पत्ता बघायचाच, पण कंपनीच्या नावाचे पैसे मोजायची गरज मला आजवर वाटलेली नाही. कॅमेऱ्यात मात्र मुहूर्ताला, कन्यादानाला, पाठवणीला कंपनीची. मधल्या वेळात, पंगतीत, वरातीत, पारखून घेतलेली बाहेरची. पैशाची अडचण असेल तर कॅमेऱ्याबरोबर आलेली एक मुहूर्तासाठी राखून ठेव आणि बाकीचा दिवस बाहेरच्यांवर काढ. यात काही कमीपणा नाही.

पारखायचं कसं, तर कामावर नेण्याआधी घरी. नवी बॅटरी पूर्ण भरायची, कॅमेरा टेबलावर ठेवून व्हिडिओ लावून द्यायचा आणि बंद पडेपर्यंत किती वेळ गेला ते लिहून ठेवायचं. मग तेच कंपनीच्या बॅटरीवर. आकडा कसा उतरतो तेही बघायचं: सावकाश, पायरी-पायरीने, की एकदम. चार्ज होताना मधून मधून हात लावून बघायचा. कोमट चालेल, चटका नको. मी प्रत्येक बॅटरीवर कागदी टेपचा तुकडा लावून घेतल्याचा महिना-वर्ष आणि एक क्रमांक घालते. सराई संपली की सगळ्या निम्म्या भरून, कोरड्या थंड कपाटात. वर्षाने परत तीच व्हिडिओची चाचणी. जी फार मागे पडली ती दिव्यापुरतीही ठेवत नाही. आणि फुगलेली, मग ती कोणाचीही असो, त्याच क्षणी बाद. डबा जरासा फुगला की बॅटरी कॅमेऱ्यात घट्ट जाते आणि नंतर निघत नाही. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायला जाऊ नका, सेलला भोक पडलं तर जीवावर बेतेल. साताऱ्यातले आमचे दुरुस्तीवाले काका चिकट टेपची मजबूत पट्टी तिच्या पाठीला चिकटवतात आणि हळूहळू, इकडून तिकडून हलवत ओढून काढतात. तसंही निघाली नाही तर सगळा कॅमेरा त्यांच्याकडे सोपवायचा.

उन्हाळ्याचंही सांगून ठेवते. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंतचीच मर्यादा दिलेली असते. चंद्रपूर-नागपूरकडचा मे महिना त्याच्या कितीतरी पुढे जातो. ताडोब्यात उघड्या जिप्सीत वाघाची वाट बघत बसलेले असताना बॅटऱ्या उन्हात सीटवर ठेवू नयेत, ओल्या पंच्यात गुंडाळूनही ठेवू नयेत. कापडी पिशवीत, सावलीला, इतकंच पुरे. तापलेली बॅटरी गेस्ट हाउसवर आल्या आल्या चार्जरला लावायची नाही, गार होऊ द्यायची. कच्च्या बॅटऱ्या सगळ्यात लवकर मरतात त्या अशा गरम-गरम चार्जिंगनेच. आणि विमानाने जाणार असाल तर सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. चेक-इनच्या सामानात टाकलेल्या चालत नाहीत.

राहिल्या मेलेल्या बॅटऱ्या. त्या मी टोकांना टेप लावून एका बरणीत साठवते. कचऱ्यात टाकत नाही, कारण घंटागाडीतल्या माणसाच्या हाताखाली त्या दाबल्या जाणार असतात. २०२२ च्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर ती परत गोळा करायची जबाबदारी टाकली आहे. कंपनीच्याही आणि बाहेरच्याही. पण मी बरणी घेऊन काउंटरवर जाते तेव्हा पलीकडचा मुलगा गोंधळून मालकाकडे बघतो आणि मालक म्हणतो, ‘इथे नाही घेत, मॅडम.’ इतके दिवस ती ई-कचऱ्याच्या संकलनाच्या दिवशीच रिकामी होत होती. आता बॅटरी घेताना मी दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारते, ही मेली की परत घेणार का? बहुतेकांनी हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकलेला असतो. दोघांनी मात्र वितरकाला फोन लावून विचारलं, आणि त्यातल्या एकाने काउंटरखाली एक जुनं बिस्किटांचं खोकं ठेवलं आहे. त्यात पहिली रिकामी झाली ती माझी बरणी. सध्या मी बॅटऱ्या त्याच्याकडूनच घेते, कंपनीच्याही आणि बाहेरच्याही.